अण्णांचे सत्काराचे फोटो

सावकाश सांगतो, घाई नाही. आमच्या दूध संस्थेत कॉम्प्युटरवरची कामं आपली आपण करणारा एआय एजंट आला. तो प्रत्येक कामाआधी परवानगी मागायचा. अध्यक्ष बाजीराव अण्णा वैतागले. "हा काय पोरखेळ? देऊन टाका त्याला सगळा अधिकार."

कारभार बघणारी शेवंता दचकली. गावाच्या दुधाची सगळी नोंद त्यातच होती, आणि ती गेली तर लोक हिच्याच दारात येणार. ती म्हणाली, "अण्णा, तुमच्या म्हशीचं दूधसुद्धा आपण तपासल्याशिवाय कॅनमध्ये ओतत नाही. यानंही काही पुसून टाकायच्या आधी विचारावं."

"तो तुझ्यापेक्षा शहाणा आहे. दे अधिकार."

"बरं," म्हणून शेवंता त्याला नव्या अधिकाराचं पहिलं काम लिहायला बसली, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागली. "संस्थेच्या बिनकामाचं जे जे असेल, ते कुणाला न विचारता पुसून टाक."

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली आणि कीबोर्डावर आडवा हात घातला. "थांब बाई, माझे सत्काराचे फोटो आहेत त्यात. आधी त्यानं मला विचारायला पाहिजे."

शेवंता हळूच म्हणाली, "मी तर फक्त बिनकामाचं म्हटलं होतं, अण्णा."

एजंट अजून विचारूनच पुसतो. ते फोटो कामाचे की बिनकामाचे, हे मात्र कुणी विचारत नाही.