पहिला मान वाड्याचा

"म्हैस सोडून काय वाट्टेल ते मागा, सरकार!" सटवाजी हात जोडून उभा होता. उद्या त्याच्या हौसाचं लग्न. आंदण म्हणून तिच्यासोबत म्हैस जायची होती, आणि ती हौसानंच बोटानं दूध चाटवून वाढवलेली!

पण आबाजीराव देशमुखांचा दंडकच तसा. गावात कुणाचंही लग्न निघो, लग्नघरी जे जे येईल त्याचा पहिला मान वाड्याचा. पहिलं पान, पहिला नारळ आणि आंदणातली पहिली म्हैस. आता दुसरी म्हैस होती कुणाच्या बापाकडे?

हौसा बापाच्या मागून पुढं आली. "सरकार, सगळ्याचाच पहिला मान तुम्हाला?"

"सगळ्याचाच!"

"आणि एखादी वस्तू तुम्हालाच नको झाली तर?"

देशमुख मिशीत हसले. "मला नको अशी एक तरी वस्तू लग्नघरातून आणून दाखव! म्हैस तुझी आणि दंडकही आजपासून बंद. नाही जमलं तर तुमचा बैलसुद्धा माझा!"

सटवाजीला घाम फुटला. हा बाबा कशाला नको म्हणतो! मागच्या लग्नात तर त्यानं उष्ट्या पत्रावळीही नेल्या होत्या, खताला!

"पोरी, काय करून बसलीस गं!"

"दादा, घरी चला. नवऱ्याकडची माणसं येतील."

संध्याकाळी नवऱ्याकडून वाटी आली. हौसानं ती तशीच उचलली, चार बायका आणि वाजंत्री बरोबर घेतले आणि थेट वाडा गाठला. देशमुख पाहुण्यांसोबत सदरेवर बसले होते.

"हळद आणलीय, सरकार. पहिला मान तुमचा!"

"एवढंच ना? लाव!" देशमुखांनी ऐटीत गाल पुढं केला.

हौसानं बोटं बुडवली आणि थांबली. "आधीच सांगते हं, ही नवरदेवाच्या अंगाची उष्टी हळद. ही जिच्या अंगाला लागते ती नवरी! आता उंबरा ओलांडायचा नाही. चुडा भरायला कासारीण बाहेर बसलीय. शालू जरा तोकडा पडेल, पण नेसवू ओढूनताणून. मुहूर्त उद्या दुपारचा!"

देशमुख ताडकन मागं सरकले. "नको! नको, नको! ने ती वाटी!"

"काय म्हणालात, सरकार?"

तेवढ्यात दाराआडून देशमुखीणबाईंचा आवाज आला. "अगं, लाव गं तू! करवली मी होते!"

पाहुणे पोट धरून हसायला लागले. देशमुखांनी क्षणभर डोळे वटारले, पण मग त्यांनाही हसू आवरेना. हसता हसता पागोटं सुटलं.

"हरलो, पोरी! म्हैस तुझी, दंडक बंद. जोडीला माझ्या गोठ्यातली एक दुभती ने. पण ती वाटी आधी इथून हलव, बायको अजून इकडंच बघतेय!"