गोदाक्काची वाट

"...मग आधी काय नाव होतं त्या रस्त्याला?" भिवनाथबाबांनी विचारलं.

"होतं काहीतरी गावठी." विश्राम खरमाटेने फोन त्यांच्या पुढ्यात धरला. "आता बघा. हायवेच्या फाट्यापासून थेट आपल्या मठापर्यंत. श्री भिवनाथ महाराज मार्ग."

विश्राम हा बाबांचा शिष्य. इंटरनेटवर लोकांनी मिळून करायचा जो नकाशा असतो, त्यात तालुक्यातले निम्मे रस्ते त्यानेच भरलेले. मैलाच्या दगडावरची माती पुसून क्रमांक वाचायचा, ग्रामीण मार्ग कुठला नि जिल्हा मार्ग कुठला ते बघायचं, मग टपरीवर चहा घेत लोक रस्त्याला काय म्हणतात ते ऐकायचं. काम चोख होतं, त्यात वाद नाही. फक्त आपली पाठ आपणच थोपटायची खोड गड्याला लागली होती.

उद्या बाबा त्याला अनुग्रह देणार होते. त्याआधीची गुरुदक्षिणा म्हणून त्याने हा रस्ता आणला होता.

बाबांनी फोनकडे पाहिलं नाही.

"नकाशा भरणाऱ्या नव्या पोरांना तू काय शिकवतोस? नाव कुठलं लिहायचं?"

"लोकांच्या तोंडी असेल तेच. आपल्या मनचं नाही."

"या रस्त्याला भिवनाथ मार्ग कोण म्हणतं?"

विश्राम हसला. "म्हणतील की, बाबा. नकाशात आलं की लोक आपोआप म्हणायला लागतात."

बाबांनी ओसरीकडे मान वळवली. तिथे भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, मांडीवर बोचकं घेऊन. आत येताना विश्राम तिच्या शेजारूनच आला होता, पण रामराम घालायचं काही त्याला सुचलं नव्हतं.

"ठकूबाई," बाबा म्हणाले, "तुम्हाला उशीर कसा झाला, ते याला सांगा."

"आता काय सांगायचं, बाबा..." म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "गोदाक्का माझी थोरली बहीण. तिचं पोर तापलं, गाडी वर येईना. पाठीवर घेऊन उतरता उतरता गेलं. मंग तिनं गावच्या बाया गोळा केल्या, कातळ फोडला, वाट केली. परवा तीच गेली. निरोप आला तशी भाड्याची जीप केली. डायवरला म्हणलं, गोदाक्काची वाट, एवढंच मला ठावं हाय. त्यानं फोनला इचारलं. फोन म्हणला, अशी वाटच न्हाई. मंग आमी डोंगराच्या पल्याड हिंडत बसलो. पोचलो तवा राख निवली होती. तिचं तोंड काय बघाया मिळालं न्हाई. फोनला तरी बोल लावून काय करता? त्याला कुठं ठाव आमची गोदाक्का."

फोनला ठाऊक होती. चार वर्षांमागे टपरीवर ऐकून विश्रामनेच ते नाव नकाशात लिहिलं होतं. गेल्या आठवड्यात ते पुसून तिथे बाबांचं नाव घातलं, तेही त्यानेच.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने फोन उघडला, मार्गाचं नाव खोडलं आणि जुनं नाव परत लिहिलं.

"बाबा... लिहिलं परत."

विश्राम ठकूबाईकडे वळला. पुसणारा मीच, एवढंच सांगायचं होतं. पण त्याने नुसताच फोन खिशात घातला. ती बिचारी त्याच्याकडे बघत राहिली. हा बाबांचा कोण, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

तेव्हा बाबा आसनावरून उठले. ओसरीवर आले आणि ठकूबाईच्या पुढ्यात त्यांनी लोटांगण घातलं.

म्हातारीने घाबरून पाय पोटाशी ओढले. "अवो बाबा, मला पापात घालता का?"

विश्राम धावला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं, पण आता तोंड उघडलं.

"बाबा, उठा. आजी, नाव मी पुसलं. चूक माझी आहे. बाबा, तुम्ही कशासाठी..."

बाबांनी कपाळ जमिनीवरून उचललं नाही.

"नाव माझं लिहिलं होतंस, विश्राम."