कुंभारणीची दोन मडकी

घरोघरी घड्याळं यायच्या आधीची गोष्ट. एका गावात कुंभारणीच्या अंगणाला लागून शाळा होती. मधल्या सुट्टीत मुलं विटीदांडू खेळत आणि कुंभारणीचा जीव टांगणीला लागे, कारण तिची कच्ची मडकी तिथेच वाळत असत.

एके दिवशी पाटलाच्या मुलाची विटी उडाली आणि एक मडकं फुटलं. गुरुजी हसले. "पोरंच ती, खेळणारच!"

दुसऱ्या दिवशी विटी उडाली ती एका मुलीची. तिचे आईबाप फिरते लोहार, गावाबाहेर पालं ठोकून राहिलेले. वर्गात सगळ्यांहून काळी तीच आणि बोलीही वेगळी. मडकं याही वेळी एकच फुटलं. पण सुट्टी संपून वर्ग भरताच गुरुजी कडाडले, "पालावरची पोरं अशीच! दप्तर उचल. उद्यापासून शाळेत यायचं नाही."

पालावरून शाळेत आलेली ती पहिलीच मुलगी. दप्तर उचलून निघाली.

आता बघा, दुकानात दोन मापं ठेवली तर गिऱ्हाईक भांडत नाही, दुसऱ्या दुकानात जातं. शाळेतल्या मुलांना दुसरं दुकान कुठलं?

तेवढ्यात पाटलाचाच मुलगा उठला. "गुरुजी, मग मीपण जाऊ घरी?"

"तू कशाला रे?"

"कालचं मडकं मी फोडलं ना!"

मागून एक चिमुरडी म्हणाली, "आणि गोंगाट आम्ही सगळेच करतो, गुरुजी. अंगठे धरायला मात्र रोज तीच."

गुरुजींचा चेहरा उतरला. रागवावं की ऐकावं? त्यांनी हाक मारली, "परत ये, पोरी." मग म्हणाले, "जिचं नुकसान झालं तिलाच विचारू." आणि सगळ्यांना घेऊन कुंभारणीकडे गेले.

"हिला हाकलून माझं मडकं जुळणार आहे का?" कुंभारीण म्हणाली. "कच्चंच होतं. तुकडे भिजवून तुडवले की पुन्हा चाकावर चढेल. तुडवायला पाय द्या, बाकी मी बघते."

दोन्ही मुलं चिखलात उतरली. मागोमाग धोतर खोचून गुरुजीही उतरले.

"अहो, तुम्ही काय फोडलंत?" कुंभारणीने विचारलं.

"ते या मुलीला ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले. "चुकलं माझं, पोरी."

ती हळूच म्हणाली, "मग उद्या येऊ ना?"

"ये गं, ये."

ती आली, आणि पालावरची आणखी चार पोरं घेऊन आली. तिच्या बापाने कुंभारणीच्या कुदळीला फुकटात धार लावून दिली आणि गुरुजींपुढे हात जोडले. गुरुजींनी ते जोडलेले हात धरून वर्गाकडे वळवले. "मला नको. ही मुलं बोलली म्हणून मला दिसलं. यांचे उपकार माझ्यावरही आहेत."

तात्पर्य इतकंच: शिक्षेचं माप सगळ्यांना एकच असावं, आणि ज्याच्या हातून मोडलं त्यालाच जोडायची संधी द्यावी.