झील कुणी धरायची?

एका डोंगरी संस्थानात रंगराव नावाचा शाहीर होता. त्याच्यामागे सटवाजी तीस वर्षं झील धरत होता. झील म्हणजे शाहिराची ओळ संपली की साथीदारानं ती उंच सुरात उचलून धरायची. सटवाजीचा गळा आता थकला होता, गुडघे तर कधीच गेले होते. पण दसऱ्याचा दरबार कुणाला चुकला आहे?

त्या दसऱ्याला राजानं विचारलं, "झील हा शब्द आला कुठून? त्याचा खरा अर्थ काय?" पंडितांना तेवढंच हवं होतं. एक म्हणाला, झांजेच्या नादावरून आला. दुसरा म्हणाला, झेलण्यावरून. तिसऱ्यानं दोघांनाही मूर्ख ठरवलं. दुपार कलली, बसलेल्यांच्या कमरा धरल्या, तरी वाद मिटेना. विद्वानांना भूक लागत नाही की काय, देव जाणे!

शेवटी राजानं रंगरावाला विचारलं. तो मिशीला पीळ देत म्हणाला, "महाराज, झील म्हंजे लुगड्याचा काठ. नुसता शोभेला. लुगडं ते आमचं गाणं!"

"मग आज काठाविना गा," राजा म्हणाला. "जमलं तर दसऱ्याला गायचा मान तुमचाच राहील. नाही तर दुसरा शाहीर बघू."

सटवाजी खाली बसला. त्याला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर बसायला मिळालं याचं बरंही वाटलं.

रंगरावानं पोवाड्याचा पहिला चौक दणक्यात म्हटला. दुसऱ्यात धाप लागली. पोवाड्यातला सरदार ऐन तटावर चढत असताना शाहिराचा दम संपला. हात वर, तोंड उघडं, आवाज नाही. पंडित हसू लागले. वाडवडिलांपासूनचा मान आता जाणार होता.

सटवाजीनं क्षणभर डोळे मिटले. मग गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि त्यानं ओळ उचलली, "जी रं जी जी..." सूर फाटका होता, पण तुटला नाही. तेवढ्यात रंगरावानं श्वास घेतला आणि पोवाडा पुरा केला.

राजा म्हणाला, "सटवाजी, आता तूच अर्थ सांग."

"अर्थ पंडितांस्नी ठावं, म्हाराज. शाहिरांचा दम सरला, म्हून उठलो."

रंगरावानं मान खाली घातली. "महाराज, मान सटवाजीबाबांना द्या. बाबा, तुम्ही गा. आज झील मी धरतो."

सटवाजी म्हणाला, "आज नगं, शाहीर. आता गळ्यात काय ऱ्हायलं न्हाई."

तात्पर्य: ज्याच्या सुरावर आपण श्वास घेतो, त्याला शोभेचा म्हणू नये, आणि त्याचं मोल कळायला तो थकेपर्यंत थांबू नये.