पोपटरावांचा करदोटा

"पण आक्का, तो घरात कुठे आहे, हे मला कळायला नको का?"

आक्का सुपातले तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कळलं की काय होतं?"

"भीती जाते."

"गेली?"

विश्रामने नकारार्थी मान हलवली.

नदीच्या वळणावर आक्कांची मठी. एक खोली, पुढे ओटा, बाजूला कपिला गाय. तालुक्याच्या गावाहून विश्राम दर गुरुवारी इथे यायचा, आक्कांच्या पायाशी बसायचा. आज गुरुवार नव्हता. आज तो ओट्यावर वेताची टोपली ठेवून तिच्यापासून लांब, खांबाला टेकून बसला होता.

टोपलीत त्याच्या मुलीचा इग्वाना होता.

दिसायला घोरपडीसारखा. पाठीवर काट्यांची रांग, हनुवटीखाली कातडीचा झोल, अंगाहून लांब शेपूट. एरवी इतका हिरवागार की शाल्मलीने त्याचं नाव पोपटराव ठेवलं होतं. आता सुकलेल्या शेवाळासारखा काळपट पडला होता. कमरेला काळा दोरा, दोऱ्याला चांदीचे घुंगरू.

तो हलत नव्हता. फक्त एक डोळा विश्रामवर होता.

शाल्मली शिकायला पुण्याला गेली, तेव्हा तिने बापाकडे एकच मागणं मागितलं होतं. पोपटरावांना पिंजऱ्यात घालायचं नाही. ते खिडकीत ऊन खातात, कपाटावर झोपतात, घरभर हिंडतात, तसंच त्यांना हिंडू द्यायचं. विश्रामने शब्द दिला. आणि ती गेल्यावर त्याला स्वतःच्याच घरात न्हाणीघराचं दार उघडताना धडकी भरायला लागली.

"एकदा देवघरात होता, आक्का. निरांजन लावायला वाकलो, तर बाळकृष्णाच्या मागून हा बघतोय. शेपूट अशी फिरवली की समई आडवी झाली."

"मग?"

"मग करदोटा बांधला. शाल्मली रांगायची ना, तेव्हाचा. पेटीत ठेवलेला होता."

रांगत्या मुलाच्या कमरेला घुंगरांचा करदोटा असतो. आई चुलीपाशी असली तरी मूल ओटीवर आहे की उंबऱ्यापाशी गेलं, हे तिला आवाजावरून समजतं. आक्कांना हे सांगायची गरज नव्हती.

"पिंजऱ्यात नाही घातलं," विश्राम ताठ बसत म्हणाला. "दुसरा कुणी असता तर सोडून आला असता रानात. मी दिलेला शब्द मोडला नाही."

"अंगाला हात लावू दिला त्याने?"

"झोपेत होता तेव्हा."

आक्कांचा हात सुपात थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

"तेव्हापासून खात नाही," विश्रामचा आवाज उतरला. "फूल तोंडाशी धरलं तरी बघत नाही. उन्हात येत नाही. कपाटामागे भिंतीला चिकटून बसतो. ढोरांच्या डॉक्टरांकडे नेला. ते म्हणाले, अहो, मी म्हशी बघतो, हे काय आणलंत!"

"घुंगरू वाजतात का?"

"आधी वाजायचे. वाजले की मी दचकायचो. आता वाजतच नाहीत... त्याची जास्त भीती वाटते. रोज सकाळी टॉर्च घेऊन कपाटामागे बघतो, आहे की गेला."

आक्कांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"शाल्मली फोनवर विचारते, पोपटराव जेवले का? मी हो म्हणतो. हा मेला तर, आक्का, मी तिला काय सांगू? आमच्या घरात आता दोघंच आहोत हो आम्ही."

"कोण कुठे आहे ते कळायला हवं, हे तुझं कधीपासून रे?"

विश्रामने नदीकडे पाहिलं.

"शाल्मलीची आई कोथिंबीर आणायला म्हणून खाली गेली. कोपऱ्यावर ट्रक आला. मी घरात पेपर वाचत बसलो होतो. मला वाटलं, शेजारी गप्पा मारत असेल..."

गाय रवंथ करत होती. तेवढाच आवाज.

आक्का गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. गायीच्या गळ्यातली पितळी घंटा सोडली आणि विश्रामच्या गळ्यात अडकवली. घंटा मागे, पाठीवर येईल अशी.

"हे काय, आक्का?"

"खालच्या बांधावर जास्वंद आहे. जा, फुलं घेऊन ये. त्याला घालू."

"पण घंटा कशाला?"

"तू कुठे आहेस, हे मला कळायला नको का?"

गुरूची आज्ञा. विश्राम उठला. घंटा वाजली.

धुणं धुणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. "अगं बाई, कपिला आज पँट घालून निघाली की!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "दूध देते का विचार!" विश्राम कानकोंडा होऊन भरभर चालू लागला. भरभर चालला तशी घंटाही भरभर वाजू लागली. कुणीतरी अगदी पाठीला लागून येतंय असं वाटून त्याने वळून पाहिलं. कुणी नव्हतं. वळला म्हणून ती पुन्हा वाजली.

मागे हात नेऊन तो लोलक धरायला गेला. हात पोचेना. घंटेचा नुसता कल्लोळ झाला.

बांधापलीकडच्या पडीक रानात धनगरांची मेंढरं बसली होती. त्या आवाजासरशी त्यांची कुत्री उठली.

ती भुंकली नाहीत. नुसती उठली, आणि माना खाली घालून त्याच्याकडे बघत राहिली.

विश्राम जागच्या जागी थिजला. जास्वंद हाताशी होती. लालभडक फुलं. त्याने हात उचलला... घंटा किणकिणली. पुढचं कुत्रं एक पाऊल पुढे आलं. त्याने हात तसाच हवेत ठेवला. मग मुंगीच्या चालीने खाली आणला. श्वास घेतला तरी पाठीवर पितळ हलत होतं. मग त्याने श्वासही चोरून घ्यायला सुरुवात केली. घसा कोरडा पडला. घाम डोळ्यात उतरला, तो पुसायला हात वर नेण्याची हिंमत झाली नाही. आपण इथे आहोत हे कुणालाही कळू नये, एवढंच त्याला वाटत होतं. झाड नको, फूल नको, पाणी नको.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पलीकडून धनगरीण ओरडली, "हाड रं! बस खाली!" कुत्री बसली. तरी त्याचा हात फुलाकडे गेला नाही.

तो परत आला, तेव्हा आक्का ओट्यावरच होत्या.

"फुलं?"

"नाही आणली."

"झाड तर हाताशी आहे."

"हात उचलला की वाजायची, आक्का."

बोलला, आणि थांबला. हळूच त्याची मान टोपलीकडे वळली. तो डोळा अजून त्याच्यावरच होता.

आक्कांनी त्याच्या गळ्यातली घंटा काढली आणि लोलक मुठीत धरून, आवाज न करता, गवतावर ठेवली. मग सूप मांडीवर घेतलं.

"तुम्हीच सोडा ना तो दोरा," विश्राम म्हणाला. "मला... मला नाही जमायचं."

"बांधला कुणी?"

विश्राम टोपलीपाशी गेला. वाकला. त्याच्या हाताची सावली पडली तसा इग्वाना फुगला. हनुवटीखालचा झोल पंख्यासारखा उघडला.

"वरून नको," आक्का हळू म्हणाल्या. "वरून घार येते."

विश्रामने टोपली आडवी केली आणि स्वतः ओट्यावर पालथा पडला. गाल शेणाच्या सारवणाला लागला. आता दोघांचे डोळे एका उंचीवर होते. त्याच्या छातीतले ठोके जमिनीत ऐकू येत होते. आपले की त्याचे, हेही कळेना. त्याने हात बाजूने, सरपटवत नेला.

शेपूट सपकन फिरली. मनगटावर लाल वळ उठला. डोळ्यांत पाणी आलं.

हात मागे घ्यावा असं फार वाटलं. त्याने घेतला नाही.

गाठीवर गाठ मारून ठेवली होती त्यानेच. निसटू नये म्हणून. नखं दुखेपर्यंत ती सुटेना. बोटांखाली ते थंड पोट भराभर वरखाली होत होतं. शेवटी दोरा सैल झाला. घुंगरू एकदाच वाजले, आणि ते जनावर दगडासारखं झालं. विश्रामने घुंगरू मुठीत आवळून धरले. करदोटा अंगावरून निघाला.

मग काहीच झालं नाही... बराच वेळ.

उन्हाचा पट्टा टोपलीपर्यंत सरकला. इग्वानाने एक पाय बाहेर टाकला आणि थांबला. मान तिरपी केली. कानोसा घेतल्यासारखी. कसलाच आवाज आला नाही. त्याने दुसरा पाय टाकला. पुन्हा थांबला. असं करत करत तो उन्हात आला, पोट जमिनीला टेकवलं, आणि विश्रामवर रोखलेला डोळा मिटला.

आक्का आत गेल्या. देवापुढचं जास्वंदीचं फूल उचलून आणलं, आणि त्याच्यासमोर, पण जरा बाजूला ठेवून दिलं.

ऊन अंगात मुरल्यावर इग्वानाने डोळा उघडला. जिभेचं टोक फुलाला लावलं. मग एक पाकळी तोडली.

विश्राम पालथाच होता. सारवणावर त्याचे अश्रू ओघळत होते आणि तो हसत होता.

"शाल्मलीला दाखवतो!" उठून त्याने खिशातून फोन काढला. फोटो घेतला. पाठवण्याआधी सवयीने बोटाने काहीतरी उघडून पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी आली.

"आत्ता वर्गात असायला हवी. ही वसतिगृहातच दिसते. विचारतो तिला."

"इथे बसून तुला कसं रे कळलं?"

"यात दिसतं ना, आक्का." त्याने फोन पुढे केला. नकाशावर एक निळा ठिपका होता. "कुठेही गेली तरी दिसतं. जाताना तिच्या फोनवर मीच लावून दिलं. तिलाही ठाऊक आहे, मी बघत असतो ते. त्यामुळे पोरगी उगाच कुठे हिंडत नाही. आजकाल तर खोलीतच असते."

आक्कांनी फोन हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिल्या.

ठिपका हलत नव्हता.

"विश्राम," त्या म्हणाल्या, "पोरगी जेवते का रे नीट?"