लाल खुणेच्या पुढे

एकदा हेरंब नावाचा एक टेनिसचा तरुण शिक्षक मेलेल्या चेंडूंत जीव भरायला निघाला. मेलेला चेंडू म्हणजे दिसायला धडधाकट, पिवळाजर्द, पण जमिनीवर टाकला तर गुडघ्याच्या वर न येणारा. टेनिसच्या चेंडूचे दुर्दैव असे, की ज्या दिवशी त्याचा हवाबंद डबा उघडतो त्याच दिवसापासून पोटातली हवा रबरातून झिरपू लागते. कोणी खेळो न खेळो, थोड्या दिवसांत तो बसतो. मोठ्या शहरांतले लोक मग नवा डबा उघडतात. हेरंबच्या गावात एकच मातीचे कोर्ट, मूठभर मुले आणि टोपलीभर बसलेले चेंडू होते.

त्या मूठभर मुलांत ऋजुता होती. सोळा वर्षांची, पायांत वारा शिरल्यासारखी पळणारी आणि तोंडाची भलतीच फटकळ. चेंडू रेषेवर पडला की ती कोर्ट ओलांडून पलीकडे जायची, मातीत उमटलेला वण रॅकेटच्या टोकाने दाखवायची आणि म्हणायची, "आत होता, सर! डोळे उघडून बघा." हेरंबला राग यायचा, आणि मनातून आनंदही व्हायचा. अशी मुलगी शिक्षकाच्या वाट्याला क्वचितच येते, हे त्याला ठाऊक होते.

रविवारी जिल्ह्याच्या ठिकाणी निवडीचे सामने होते. तिथे चेंडू नवे, उसळते. इथे सराव बसलेल्या चेंडूंवर. त्यामुळे नव्या चेंडूपुढे ऋजुताची रॅकेट नेहमी उशिरा पोचायची. हा दोष हेरंबने बरोबर ओळखला होता. इथवर त्याचे काही चुकले नाही. चुकले ते पुढे.

त्याने सराव वाढवला. सकाळी होताच, संध्याकाळी होताच, आता भर दुपारीही सुरू झाला. चुकलेल्या प्रत्येक फटक्यामागे एक वाक्य ठरलेले, आणि रोज ते वाक्य थोडे अधिक धारदार. एके दिवशी सोपा चेंडू जाळीत गेला तेव्हा तो म्हणाला, "रविवारी हरलीस, तर परत या कोर्टात पाय ठेवायचा नाही." जाळी सोडवून गुंडाळेपर्यंत तो हे बोलणे विसरूनही गेला. ऋजुता फक्त "बरं, सर" म्हणाली होती. त्या दिवसापासून ती सगळ्यालाच "बरं, सर" म्हणू लागली. हेरंबला वाटले, पोरगी सुधारली.

तिची आई मात्र मास्तरांच्या दारात येऊन रडून गेली. मास्तर म्हणजे हेरंबचे गुरू. गावच्या शाळेतले निवृत्त व्यायामशिक्षक. ते कोर्ट त्यांनीच स्वतः रोलर ओढून तयार केलेले. आई म्हणाली, "धड जेवत नाही, मास्तर. रॅकेट कपाटामागं टाकते, सकाळ झाली की परत काढते. हा रविवार झाला की सोडणार म्हणते." मास्तरांनी ऐकून घेतले. ते कमी बोलत, आणि बोलण्याआधी बराच वेळ घेत.

इकडे हेरंबने कुठेतरी वाचले होते, की चेंडू दाबाखाली ठेवले तर टिकतात, बसलेलेही पुन्हा उभे राहतात. तो हार्डवेअरच्या दुकानात गेला. पाण्याच्या नळाला वापरतात तसला जाड प्लॅस्टिकचा पाइप, एका टोकाला चिकटवून बसवायचे झाकण, दुसऱ्या टोकाला आट्यांचे झाकण आणि मोटरसायकलच्या चाकाचा व्हॉल्व्ह असे सामान त्याने घेतले. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "हवा भरणार? जपून हं. हा पाण्याचा पाइप आहे, हवेचा नाही. जास्त झालं तर काचेसारखा फुटतो." हेरंबने मान डोलावली. मास्तरांच्या अंगणात बसून त्याने नळी जोडली, झाकणाला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवला, आट्यांवर टेप गुंडाळली. पायपंपाच्या दाब दाखवणाऱ्या तबकडीवर, काटा जिथे थांबवायचा तिथे, लाल रंगाची खूणही केली. काम सुबक झाले होते. मास्तरांनीही नळी हातात फिरवून बघितली आणि समाधानाने मान हलवली.

नळीत चेंडू घालून, खुणेपर्यंत हवा भरून त्याने दोन रात्री वाट पाहिली. शुक्रवारी संध्याकाळी उघडून बघितले, तर चेंडू जसेच्या तसे मेलेले. सामना परवावर आलेला. त्याने ते पुन्हा नळीत कोंबले आणि झाकण आवळले.

ऋजुता मास्तरांकडे जाळी पोचवायला आली होती. नळी गोल असल्याने जमिनीवर उभी राहीना. हेरंब तिला म्हणाला, "ही गुडघ्यांत धरून बस. हलू द्यायची नाही."

"बरं, सर."

ती पायरीवर बसली, नळी गुडघ्यांत धरली आणि मान वळवून कुंपणाकडे बघत राहिली. हेरंब पंपावर पाय मारू लागला. काटा लाल खुणेशी आला. पाय थांबला नाही. काटा खूण ओलांडून गेला. पंप जड झाला, तसा हेरंबने सगळा भार त्या पायावर टाकला. घाम डोळ्यांत येत होता, तो पुसायलाही त्याने मान वर केली नाही. आणखी एक. आणखी एक. नळीतून बारीक 'कट्' असा आवाज आला.

मास्तर ओट्यावर फाटकी जाळी विणत बसले होते. आवाज येताच त्यांनी जाळी बाजूला ठेवली आणि उतरून आले.

"ऋजुता, ऊठ बाळ. माठातलं पाणी आण मला. ही दे माझ्याकडं."

ती उठून आत गेली. आणि मास्तरांनी काय करावे? तिच्याच जागी पायरीवर बसून त्यांनी नळी गुडघ्यांत घेतली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि झाकणावर हनुवटी टेकवली.

"हं. मार पंप."

हेरंबचा पाय तसाच अधांतरी राहिला. "मास्तर, हे काय करताय? ठेवा ती खाली."

"का? अजून पुढं न्यायचाय ना काटा? ने की."

"अहो, फुटेल ती!"

"असं कोण म्हणतं?"

"दुकानदारच म्हणाला. काचेसारखी फुटते म्हणाला. मास्तर, हात जोडतो, तोंड बाजूला घ्या!"

"माझं तोंड आत्ता आलं इथं," मास्तर शांतपणे म्हणाले. "काटा मघापासून तिथंच आहे."

हेरंबने काट्याकडे पाहिले. मग पायरीकडे पाहिले. मघापासून तिथे कोण बसले होते, तिचे तोंड नळीपासून किती जवळ होते, हे त्याने एकदाही पाहिले नव्हते. तो धावत पुढे आला आणि झाकण फिरवायला हात घातला.

"हात काढ!" मास्तर ओरडले. ते असे ओरडलेले त्याने आयुष्यात ऐकले नव्हते. "आता घाईनं मोकळी करायला जाशील, तर हेच झाकण माझ्या जबड्यात बसेल. भरताना धीर नव्हता, सोडताना तरी धर."

हेरंब मातीत गुडघ्यांवर बसला. त्याने पंपाची नळी अलगद सोडवली, खिशातली किल्ली काढली आणि व्हॉल्व्हमधली बारीक कळ टोकाने दाबली. हवा फुसफुसत बाहेर आली. त्याने हात काढला. पुन्हा दाबली. किल्ली दोनदा घसरली. मास्तरांचा श्वास त्याच्या कपाळाला लागत होता. दोघांचीही तोंडे आता त्या झाकणाशी होती. ऋजुता तांब्या घेऊन दारातच खिळून राहिली होती. हवेचा आवाज हळूहळू बारीक झाला, मग कुजबुजीइतका उरला, मग थांबला.

"आता उघड," मास्तर म्हणाले.

चेंडू बाहेर आले. त्यांतल्या दोन चेंडूंवर खोलगट वळी पडली होती, आजाऱ्याच्या गालासारखी. मास्तरांनी त्यातला एक उचलून हेरंबच्या तळहातावर ठेवला.

"नव्या डब्यातला चेंडू ताजा का राहतो, सांग बघू."

"दाब असतो, मास्तर."

"कुठं?"

"चेंडूच्या आत. आणि डब्यातही."

"सारखाच असतो. आतली हवा बाहेर पडू बघते, तर बाहेरही तेवढीच तिला खेटून उभी असते. म्हणून ती जात नाही. डब्यानं एवढंच करायचं असतं. चेंडूचा जोर चेंडूचाच, डब्यानं त्याच्याशेजारी उभं राहायचं. बसलेला चेंडूही असाच उठतो, पण रबरातून हवा आत मुरायला आठवडे जातात. तुला तो एका संध्याकाळीत उठायला हवा होता. आत काही नाही आणि वरून तू दाबतोयस. तो चेपेल नाहीतर काय करेल?" त्यांनी नळी पायरीवर आडवी ठेवली. "तू वाईट नाहीस, हेरंबा. तुझी नजर काट्यावर होती. पण शिकवणाऱ्याला तेवढंही परवडत नाही."

मुलीचे नाव त्यांनी घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. हेरंब कितीतरी वेळ तो वळी पडलेला चेंडू अंगठ्याने चोळत राहिला. मग मान वर करून म्हणाला, "ऋजुता, उद्या सराव नाही. झोप काढ."

"बरं, सर," ती म्हणाली. तेच शब्द, तोच आवाज. त्या दिवशी पहिल्यांदाच ते शब्द हेरंबला टोचले.

शनिवारी त्याने नळी पुन्हा भरली, ती लाल खुणेच्याही किंचित अलीकडे. मग, फुटली तरी कोणाला लागू नये म्हणून, मास्तरांच्या जुन्या लोखंडी पेटीत ठेवून पेटीला कडी घातली. रविवारी ऋजुता पहिला सामना जिंकली आणि दुसरा तिसऱ्या सेटमध्ये हरली. नवा चेंडू, आणि रॅकेट पोचायला जरासा उशीर. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. हेरंबने भडंगाची पुडी पुढे केली. तिने चिमूटभर घेतले आणि पुडी परत दिली.

सोमवारी सकाळी त्याने कोर्टावर पाणी मारले, रोलर फिरवला, फक्कीने रेषा आखल्या. लहान मुले आली. ऋजुता आली नाही. हेरंब एका डोळ्याने फाटकाकडे बघत राहिला. ऊन वर आले तेव्हा ती दिसली. फाटकाबाहेर उभी होती आणि तिने रॅकेट फाटकावरून आत धरली होती.

"कोर्टावरची आहे ना ही, सर. परत द्यायला आले."

"आत तरी ये."

"नाही. हरले तर पाय ठेवायचा नाही म्हणाला होतात तुम्ही."

हेरंबला ते वाक्य आठवले, आणि त्या क्षणी त्याला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. त्याच्या ओठांवर हुकूम आला होता, 'वेडेपणा करू नकोस, आत ये.' तो हुकूम त्याने गिळला. पंपाचा आणखी एक फटका मारण्याची ती वेळ नव्हती. तो रॅकेट न घेता फाटकातून बाहेर आला, फाटक ओढून घेतले आणि तिच्या शेजारी, तारेला पाठ लावून उभा राहिला.

"मी बोललो ते चुकलं माझं," तो म्हणाला. "तुझ्या मनात काय आहे ते तू ठरव. तोवर मीही इथंच थांबतो."

तिने रॅकेट खाली घेतली. पण ती निघून गेली नाही. दोघे नुसते उभे राहिले. हेरंबला वाटले, ही आता वळेल आणि घरी जाईल, आणि आपल्याला तिला थांबवता येणार नाही. मागे मुलांचा खेळ चालला होता. मध्येच एक चेंडू रेषेजवळ पडला आणि गलका उठला. "बाहेर!" "आत होता रे!" "बाहेर, बाहेर!"

ऋजुताने मान वळवली. तारेतून क्षणभर बघितले.

"आत होता!" ती खणखणीत ओरडली. "डोळे उघडून बघा की! रेषेवर वण आहे!"

कोणी ऐकेना. तेव्हा तिने फाटक ढकलले, तरातरा कोर्ट ओलांडून गेली आणि रॅकेटच्या टोकाने मातीतला वण दाखवत मुलांशी भांडू लागली. आपण आत आलो आहोत हे तिच्या ध्यानातही आले नाही.

हेरंब मात्र आणखी थोडा वेळ बाहेरच थांबला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते मुलांना दिसायला नको होते.

आपणही कोणा ना कोणासाठी जीव तोडून पंप मारत असतो. मधूनमधून काट्यावरची नजर काढावी आणि नळी कोणाच्या गुडघ्यांत आहे, तेवढे पाहावे.