तपासलेली कालवं

सुसरबाई पाचव्यांदा बिनविरोध निवडून आल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. विरोधात दोन बेडूक उभे राहणार होते, पण अर्ज भरायला ते सुसरबाईंकडेच गेले आणि परत आले नाहीत.

तेव्हा आमच्या खाडीत कालवं मुबलक होती. ओहोटी लागली की खडक उघडे पडत आणि त्यांना चिकटलेली कालवं काढायला पाणमांजरी निघत. त्यांत सुंद्रा सगळ्यात तरबेज. खाडीच्या तोंडाशी असलेला खडक आईकडून तिच्याकडे आला होता आणि त्या एका खडकावर ती तीन पिल्लं वाढवत होती. कालव चांगलं की वाईट, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळायचं. शिंपला घट्ट मिटलेला असला तर कालव जिवंत. आ वासून पडला असला तर फेकून द्यायचा. यासाठी वेगळं खातं नव्हतं.

विजयाच्या मेजवानीला कालवांचा ढीग मागवला गेला. आधी भाषणं झाली. ऊन चढलं, भाषणं चालूच राहिली, आणि ढिगातली कालवं एकेक करून आ वासू लागली. सुसरबाईंचे मानलेले भाऊ घोरपडराव यांनी नेमकी तीच खाल्ली, कारण ती फोडावी लागत नव्हती. संध्याकाळी त्यांचं पोट असं बिघडलं की ते चिकटल्या जागेवरून खाली आले. घोरपडराव कुठून तरी खाली आल्याची राज्याच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष बगळेसाहेब. भाषणं निर्दोष होती, दोष कालवांचा, असा निष्कर्ष निघाला आणि कालव शुद्धता खातं स्थापन झालं. त्याचे प्रमुखही बगळेसाहेबच.

उद्घाटनाला सुसरबाई म्हणाल्या, "माझ्या लाडक्या खाडीकरांनो! आजवर तुमच्या ताटात काय पडत होतं, ते कुणी पाहिलं? कुणीच नाही! यापुढे प्रत्येक कालव उघडून पाहिलं जाईल!"

"सुसरबाई, तुमची पाठ मऊ!" जमाव गरजला. ही आमची अधिकृत घोषणा होती. पाठीला हात लावून पाहायची सोय मात्र नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुंद्रा टोपली घेऊन तपासणीच्या ओट्यावर गेली.

"साहेब, उघडलं की मरतं हो ते," ती म्हणाली.

"तोंड मिटून बसलंय, म्हणजे काहीतरी लपवतंय," बगळेसाहेब म्हणाले.

"सगळीच मिटून असतात. जातच तशी त्यांची."

"मग सगळ्यांवरच संशय आहे."

त्यांनी कालव उघडलं, आतलं मांस नमुना म्हणून गिळलं, क्षणभर चिंतन केलं आणि रिकाम्या शिंपल्यावर शिक्का मारला. "शुद्ध आहे. घेऊन जा."

"आता यात राहिलं काय?"

"शिक्का."

शेजारची कुर्लीमावशी हे ऐकून हसून हसून आडवी झाली. "अगो सुंद्रे, भरलेली नेतेस कशाला मग? ती रिकामीच करून द्यायची, तर रिकामीच ने की!"

सुंद्राला पटलं. कालवं ती खडकावरच फोडू लागली. मांस पिल्लांच्या तोंडात, शिंपले टोपलीत. सकाळपासून नमुने गिळून बगळेसाहेबांना वाकवत नसे, त्यामुळे असा तयार माल पाहून त्यांना बरंच वाटलं. धडाधड शिक्के पडले. त्या हंगामात कालव खाऊन खाडीत कुणीही आजारी पडलं नाही. सरकारी आकडे कधी कधी अगदी खरे असतात.

सर्वोत्कृष्ट कालव उत्पादक म्हणून सुंद्राचा सत्कार ठरला. पिल्लांना घेऊन ती मंचावर गेली. सुसरबाईंनी तबकातला शिक्का मारलेला शिंपला उचलून तोंडात टाकला. सुंद्राने डोळे मिटले. कड्‌कन आवाज झाला.

"वा! कुरकुरीत!" सुसरबाई म्हणाल्या.

मग सगळ्यांनाच तो कुरकुरीत लागला. बाजारात शिंपले विकले जाऊ लागले, घरोघरी चावले जाऊ लागले. हिरड्यांतून रक्त येतं, अशी कुरकुर झाली तेव्हा बगळेसाहेबांनी खुलासा केला की हे राष्ट्राला दात येत असल्याचं लक्षण आहे.

पण त्या सत्कारातच घोरपडरावांची नजर पिल्लांवर पडली होती.

"ही एवढी गुटगुटीत कशी? काय खातात गं?"

"सगळे खातात तेच," सुंद्रा म्हणाली.

"मग सगळ्यांसारखी बरगड्या निघालेली का नाहीत?"

सुंद्रा गप्प राहिली.

"तोंड मिटलं," बगळेसाहेबांनी टिपून घेतलं.

पुढच्या ओहोटीला सुंद्राचा खडक संरक्षित जाहीर झाला आणि संरक्षणासाठी घोरपडराव स्वतः त्याला चिकटले. सुंद्रा बगळेसाहेबांच्या पाया पडली. "साहेब, पुरस्कार परत घ्या, हवं तर तुरुंगात घाला. खडक तेवढा राहू द्या. पोरं काय खातील?"

"पुरस्कार परत घेतला तर चूक आमची ठरेल, बाई," बगळेसाहेब समजुतीने म्हणाले. "खडक घेतला तर तुझी."

सुंद्रा पिल्लांना घेऊन वर गोड्या पाण्याकडे गेली. तिथे कालवं होत नाहीत. पिल्लं आता चारचौघांसारखी वाळली आहेत, त्यामुळे त्यांच्यावरची चौकशी मिटली. कुर्लीमावशीने शिंपले मऊ होईपर्यंत उकळून द्यायचं दुकान काढलं. अजून एकही मऊ झालेला नाही, पण गर्दी असते. बगळेसाहेब इतके जड झाले की त्यांना उडता येत नाही. सध्या ते कुपोषण निवारण समितीचे अध्यक्ष आहेत. घोरपडराव खडकावरच आहेत.

आणि सुसरबाईंनी यंदाच्या जाहीरनाम्यात एक नवंच वचन दिलं आहे: सत्ता मिळाल्यास प्रत्येक घराला एक कालव, आत मांस असलेलं. मतदानाला अजून अवकाश आहे, पण रांग कालपासूनच लागली आहे.